न दिसलेल्या सिनेमाचं गाव

आपण परगावी जातो ते तिथं काय आहे ते पाहायला. कुठं किल्ला असतो, कुठं देऊळ, कुठं धबधबा. मी मात्र एकदा तिथं नसलेली गोष्ट शोधायला एका गावात हिंडले! ते गाव स्कॉटलंडमधलं ग्लासगो आणि ती नसलेली गोष्ट म्हणजे ‘बॅटगर्ल’ नावाचा सिनेमा.

त्याचं झालं असं. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे जाणार होते. ती ग्लासगोला शिकत होती. सुट्टी लागायच्या दिवशी वर्गात सहज सांगितलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, तिथंच बॅटगर्लचं शूटिंग झालं होतं! पण तो पिक्चर आलाच नाही. का नाही आला, ते विचारून या ना!” मी हो म्हणून बसले. आणि एकदा हो म्हटलं की मुलं विसरू देत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ग्लासगोला उतरले तेव्हा मे महिना होता, पण अंगात स्वेटर आणि हातात छत्री! पाऊस कसला, नुसती भुरभुर. पाच मिनिटं ऊन, की पुन्हा भुरभुर. शहरातून क्लाइड नदी वाहते. एके काळी या नदीकाठी मोठमोठी जहाजं बांधली जायची. जमिनीखालून धावणारी इथली चिमुकली रेल्वे १८९६ सालची आहे. १५ स्टेशनांची गोल माळच जणू! झोप लागली तरी काळजी नाही, गाडी फिरून तुमच्या स्टेशनावर येतेच.

एका चौकात घोड्यावर बसलेल्या सेनापतीचा पुतळा आहे. त्याच्या डोक्यावर चक्क रस्त्यावर ठेवतात तो लाल-पांढरा शंकू! लोकच रात्री चढून ठेवतात म्हणे. काढला की पुन्हा दुसरा. हा सेनापती कोण, माहीत आहे? ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८०३ साली आपल्याकडच्या असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. इतिहासाच्या पुस्तकातला माणूस असा टोपी घालून भेटेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता आपल्या सिनेमाकडे वळू. बॅटमॅन राहतो ते गॉथम हे काल्पनिक अमेरिकन शहर. मग त्याचं शूटिंग स्कॉटलंडमध्ये का? उत्तर पायी फिरलं की कळतं. ग्लासगोच्या मध्यभागातले रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. दोन्ही बाजूंना जुन्या, उंच दगडी इमारती. अमेरिकेतल्या जुन्या शहरांचा मध्यभाग असाच दिसतो. म्हणून २०११ साली ‘वर्ल्ड वॉर झी’ या सिनेमासाठी इथला जॉर्ज स्क्वेअर फिलाडेल्फिया झाला. २०२१ मध्ये इंडियाना जोन्सच्या सिनेमासाठी इथलाच एक रस्ता न्यूयॉर्क झाला. टेकडीवरच्या नेक्रोपोलिस नावाच्या जुन्या दफनभूमीत २०२२ च्या ‘द बॅटमॅन’चं शूटिंग झालं. थोडक्यात, हे गाव म्हणजे मोठा बहुरूपीच आहे!

‘बॅटगर्ल’चं शूटिंग इथं २०२१ च्या नोव्हेंबरअखेरीपासून २०२२ च्या मार्चअखेरीपर्यंत चाललं. मर्चंट सिटी नावाच्या भागातल्या गल्ल्या गॉथम झाल्या. दुकानांना नव्या पाट्या लागल्या, रस्त्यावर गॉथम पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. खरा नाताळ संपून गेला, तरी सिनेमासाठी नाताळची सजावट होतीच! बॅटगर्लचं काम लेस्ली ग्रेस ही तरुण अभिनेत्री करत होती. १९८९ आणि १९९२ च्या सिनेमांतला जुना बॅटमॅन, मायकल कीटन, पुन्हा काळा झगा घालणार होता. दिग्दर्शक होते बेल्जियमचे दोन मित्र, आदिल एल अर्बी आणि बिलाल फल्लाह.

मी त्या गल्लीत उभी राहिले तेव्हा गॉथमची एकही खूण उरली नव्हती. एका दुकानातल्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “थंडीत मध्यरात्रीपर्यंत राबायची हो ती माणसं. दिवे धरणारे, कपडे शिवणारे, चहा देणारे. आमच्याच गावची पोरं होती त्यांत. नातवंडांना दाखवू म्हणत होती, आमचं गाव पडद्यावर कसं दिसतं ते.” एवढं बोलून ते पुन्हा आपल्या हिशेबाच्या वहीकडे वळले.

मग झालं तरी काय? ते समजायला ग्लासगोहून अमेरिकेला जावं लागेल. घाबरू नका, मनातल्या मनात!

सिनेमा काढणारी कंपनी होती वॉर्नर. तिच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं होतं, की ‘बॅटगर्ल’ थिएटरात न लावता थेट घरच्या पडद्यावर, म्हणजे एचबीओ मॅक्सवर दाखवायचा. खर्च सुमारे ९ कोटी डॉलर. तेव्हाच्या भावाने जवळजवळ ७०० कोटी रुपये! पण शूटिंग संपलं आणि लगेच, ८ एप्रिल २०२२ रोजी, वॉर्नर आणि डिस्कव्हरी या दोन कंपन्या एक झाल्या. नव्या कंपनीचे प्रमुख झाले डेव्हिड झास्लाव. आणि कंपनीच्या डोक्यावर कर्ज होतं ५००० कोटी डॉलरांहून अधिक!

आता एक शिंप्याचं दुकान डोळ्यांपुढे आणा. मालकाने एक भारी झगा शिवायला घेतला. शिवून झाला, फक्त बटणं आणि भरतकाम राहिलं. तेवढ्यात दुकान दुसऱ्या दुकानात मिसळलं. नवा मालक कर्जाची वही उघडून बसला. झगा पाहून म्हणाला, “बटणं, भरतकाम यांना अजून पैसे लागणार. लग्नसराईत मांडावा तर तेवढा झगमगीत नाही. रोजच्या वापराला विकावा तर फार महाग पडलाय. मला असला मालच नको.” मग त्याने वहीत लिहिलं : झगा वाया गेला, एवढं नुकसान.

तुम्ही म्हणाल, नुकसान लिहून फायदा काय? तर सरकार कर घेतं तो नफ्यावर. नुकसान दाखवलं की नफा तेवढा कमी होतो आणि करही कमी होतो. समजा, कर शंभराला वीस आहे. तर १०० रुपयांचं नुकसान दाखवल्यावर २० रुपये वाचतात. ८० गेलेच! पण ते २० आजच्या आज हाती राहतात, आणि पुढचा खर्चही वाचतो. एरवी सिनेमाचा खर्च वर्षानुवर्षं थोडा थोडा दाखवावा लागतो. पण कंपन्या नुकत्याच एक झालेल्या असल्या, की नको असलेलं जुनं सामान एकदम नुकसानीत काढता येतं. अट एकच. वाया गेला असं लिहिलेला झगा पुन्हा विकायचा नाही, काचेच्या कपाटातही मांडायचा नाही.

२ ऑगस्ट २०२२ रोजी ‘बॅटगर्ल’बद्दल हाच निर्णय जाहीर झाला. त्याच दिवशी ‘स्कूबी-डू’चा एक कार्टूनपटही असाच कपाटात गेला. आदिल तेव्हा मोरोक्कोत होते, स्वतःच्या लग्नासाठी! बातमी कळताच दोघा मित्रांनी सिनेमाची एक प्रत काढून ठेवायचा प्रयत्न केला. पण ज्या संगणकावर तो ठेवला होता त्याचं दार त्यांना बंद झालं होतं. नंतर स्टुडिओत काही मोजक्या लोकांना तो गुपचूप दाखवला गेला, एखाद्याला अखेरचा निरोप द्यावा तसा.

कंपनीचं म्हणणं असं, की आता मोठे सिनेमे थिएटरसाठीच करायचे हे नवं धोरण आहे. पुढे २०२३ च्या जानेवारीत कंपनीचे एक प्रमुख असंही म्हणाले, की तो सिनेमा दाखवण्याजोगा झालाच नव्हता. असेलही. कर्ज झालेल्या घराला काटकसर करावी लागते, हे आपल्याला काय कमी ठाऊक आहे? पण तो चांगला की वाईट, हे ठरवायचं काम प्रेक्षकांचं. त्यांना ते करताच आलं नाही.

परतायच्या आदल्या दिवशी हाय स्ट्रीटवर एक प्रचंड भित्तिचित्र पाहिलं. एका साध्या माणसाच्या बोटावर छोटा रॉबिन पक्षी. तो माणूस म्हणजे ग्लासगोचे संत मुंगो. मेलेल्या रॉबिनला त्यांनी जिवंत केलं, अशी तिथली जुनी कथा आहे. मला वाटलं, सिनेमांनाही असा कोणी भेटला तर?

गंमत म्हणजे, एका सिनेमाला तो भेटला! २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये याच कंपनीने ‘कायोटी व्हर्सेस ॲक्मे’ हा पुरा झालेला सिनेमा असाच बाजूला टाकायचं ठरवलं. पण या वेळी सिनेमावाले आणि प्रेक्षक गप्प बसले नाहीत. मोठी ओरड झाली. शेवटी २०२५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने तो विकत घेतला.

पण हे फार पुढचं. मी परत आले तेव्हा जून होता. शाळा उघडली. मी वर्गात झग्याची गोष्ट सांगितली. सगळे हसले. तेवढ्यात एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, म्हणजे आपल्या नाटकासारखंच झालं.”

मी गप्पच झाले. कारण ते खरं होतं. आदल्या वर्षी आमची छोटी शाळा, मुलं कमी म्हणून, शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळली. त्याआधी आम्ही एक नाटक बसवलं होतं. मुकुट झाले होते, संवाद पाठ होते. नव्या शाळेत मला सांगण्यात आलं, “यंदा कार्यक्रमात जागा नाही.” मी मान डोलावली आणि मुकुट कपाटावर ठेवून दिले. मुलांना मात्र काहीच सांगितलं नाही. ती कितीतरी दिवस विचारत होती, “बाई, तालीम कधी?” कर्ज नव्हतं, कर नव्हता. मी फक्त पुन्हा विचारायचा कंटाळा केला होता.

त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, “सर, वीस मिनिटं द्या.” ते म्हणाले, “अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?”

२ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या कार्यक्रमानंतर, शाळेच्या ओट्यावर नाटक झालं. मुकुट आता डोक्यांना लहान होत होते. राजा निम्मे संवाद विसरला, प्रधानाने त्याचेही बोलून टाकले. आईवडील पोट धरून हसले. नाटक फार छान झालं, असं काही मी म्हणणार नाही. पण ते कसं झालं, हे आम्हा सगळ्यांना कळलं.