गच्चीवरची वीज आणि एकच गिऱ्हाईक

घराच्या गच्चीवर सौर पॅनलमधून तयार झालेली, पण घरात न लागलेली वीज महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी एकाच गिऱ्हाइकाकडे जाते: ज्याच्या तारा दारापर्यंत आल्या आहेत, त्या वितरण कंपनीकडे. वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर येथे ही कंपनी म्हणजे महावितरण. राज्य वीज मंडळाची फोड होऊन जून २००५ मध्ये ती अस्तित्वात आली. अकोला, बुलढाणा आणि वाशिम हे तीन जिल्हे तिच्या अकोला परिमंडळात येतात. तिची वीज नको, दुसऱ्या कंपनीची हवी, किंवा गच्चीवरची वीज दुसऱ्या कोणाला विकायची आहे, असे म्हणण्याची सोय येथील घरगुती ग्राहकाला नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मंगरूळपीर येथील घरावर तीन किलोवॉटचा संच बसला, तेव्हा हा विषय घरात काढला तो इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भाच्याने. त्याच्या घराला वीज पुरवते एक कंपनी आणि त्याच्या छपरावरची वीज विकत घेते दुसरीच. दर पटला नाही की तो खरेदीदार बदलतो. "मामा, तुम्हाला युनिटमागे किती मिळतात?" हा त्याचा साधा प्रश्न होता. रुपयांत त्याचे उत्तर देता आले नाही, कारण येथे महिन्याच्या महिन्याला रुपये मिळत नाहीत, युनिट मिळतात.

या पद्धतीला नेट मीटरिंग म्हणतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने त्यासाठी प्रथम २०१५ मध्ये आणि पुढे डिसेंबर २०१९ मध्ये विनियम काढले. जुन्या मीटरच्या जागी दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर बसतो. दिवसा घराची गरज भागून उरलेली वीज तारेवरून बाहेर जाते, ती एका आकड्यात नोंदली जाते. संध्याकाळपासून सकाळपर्यंत बाहेरून येणारी वीज दुसऱ्या आकड्यात. महिनाअखेरीस दोन्हींची वजाबाकी होते. आलेली जास्त असेल तर तेवढ्याच युनिटांचे बिल येते. गेलेली जास्त असेल तर शिल्लक युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यावर चढतात.

मोजणीत एक गोष्ट सुटते आणि तिच्यावरून घरोघर वाद होतात. तीन किलोवॉटचा संच साधारणपणे महिन्याला ३६० युनिटच्या आसपास वीज देतो. किलोवॉटमागे रोज चार युनिट हा ढोबळ हिशेब. पण एवढे युनिट बिलावर कधीच दिसत नाहीत. दिवसा चाललेले फ्रीज, पाण्याची मोटर आणि पंखे ही वीज मीटरपर्यंत पोहोचण्याआधीच खाऊन टाकतात. समजा त्यांनी शंभर युनिट खाल्ले, तर मीटरवर बाहेर गेलेले दिसतील २६०. इन्व्हर्टरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळत नाही म्हणून फसवणुकीची शंका घेणारे पुष्कळ भेटतात; वस्तुतः ते शंभर युनिट सर्वांत किफायतशीर ठरलेले असतात.

बिल शून्यावर येते हे संच बसवणाऱ्या एजन्सीच्या माणसांचे आवडते वाक्य. स्थिर आकार, म्हणजे सिंगल फेज घरगुती जोडणीला महिन्याला सव्वाशे रुपयांच्या आसपास असलेली रक्कम, वीज वापरली नाही तरी द्यावीच लागते. बाकीची बचत मात्र खरी आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिले शंभर युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा टप्पा जवळजवळ दुप्पट महाग, त्यापुढे आणखी वर. नेट मीटरिंगमध्ये वजा होणारे युनिट वरच्या टप्प्यातून वजा होतात, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात अडीचशे-तीनशे युनिट जाळणाऱ्या घराला संच लवकर परवडतो. साठ-सत्तर युनिटांत भागणाऱ्या घराला त्याची घाई नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. तीन किलोवॉटनंतर ते वाढत नाही, आणि मंगरूळपीरसारख्या गावात तीन किलोवॉटचेच संच जास्त दिसण्याचे हे एक कारण आहे.

खरा पेच ३१ मार्चला येतो. खात्यावरची शिल्लक कायम चालत राहत नाही. हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च असे धरले जाते. वर्षअखेरीस जेवढे युनिट उरतात तेवढे वितरण कंपनी आयोगाने मान्य केलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. हा खरेदीचा दर ग्राहक स्वतः विजेसाठी मोजतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. गच्चीवरच्या विजेचे रुपये होतात ते एवढ्याच प्रसंगी.

मुंबईत किंवा कोकणात या तारखेने फारसे बिघडत नसेल. वाशिम जिल्ह्यात बिघडते. येथे पंखे दिवाळीनंतर बंद होतात आणि घराचा वापर वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीवर येतो. आकाश निरभ्र असते, हवा थंड असते, आणि थंड पॅनल जास्त वीज देते. पेशीचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्यांनी घटते; एप्रिल-मेमध्ये हवाच ४३-४४ अंशांवर असते आणि पॅनल त्याहून कितीतरी तापलेले. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या काळात युनिट साचतात. मग मार्च संपतो, साचलेले युनिट कमी दराने निघून जातात आणि लगेच कूलर सुरू होतात. दिवसभर चाललेला कूलर दिवसाची वीज खातो, रात्री चाललेला तारेवरची. हातात शिल्लक असायला हवी नेमकी तेव्हा खाते रिकामे असते. जूनमध्ये ढग येतात आणि चार महिने उत्पादन पडते. प्रस्तुत लेखकाच्या घरी हिवाळ्यातले बिल स्थिर आकारापुरते आणि मे-जूनचे मात्र पुन्हा जड, असा क्रम याच कारणाने लागला. ऑक्टोबरमध्ये आणखी एक भर पडते: गावाच्या कडेला सोयाबीनची मळणी सुरू झाली की तिचा भुसा आणि धूळ पॅनलवर बसते, आणि सकाळी लवकर पाणी मारून ती धुतली नाही तर उत्पादन दिसेल एवढे घसरते.

अशा वेळी दुसरा खरेदीदार शोधण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे, मग मीटर तोच ठेवून वीज कंपनी का बदलू नये, असे लोक विचारतात. विद्युत कायदा, २००३ याने दुसऱ्याच्या तारांवरून वीज नेण्याचा मार्ग, ज्याला मुक्त प्रवेश म्हणतात, तत्त्वतः खुला केला. पण तो मोठ्या ग्राहकांसाठी. हरित ऊर्जेच्या बाबतीत जून २०२२ च्या केंद्रीय नियमांनी त्यासाठीची किमान मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली. तीन किलोवॉटच्या घराला तिचा उपयोग नाही. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर वीज वितरण सांभाळते, तेव्हा तेथे पर्याय आला असे अनेकांना वाटते. पण ती महावितरणचीच फ्रँचायझी आहे. तेथेही ग्राहकासमोर एकच दार आहे, फक्त दारावरचा माणूस वेगळा.

महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाने खरोखर कंपनी बदलल्याचे ठळक उदाहरण मुंबई उपनगरांचे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये टाटा पॉवरचा किरकोळ ग्राहकांना वीज पुरवण्याचा हक्क मान्य केला, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने उपनगरांत वीज पुरवणाऱ्या रिलायन्सच्या ग्राहकांना रिलायन्सच्याच तारांवरून टाटाची वीज घेण्याची वाट मोकळी केली. स्वस्त दर पाहून लोक सरकले. मग जुन्या कंपनीचे नुकसान कोणी भरायचे, तारांचे भाडे किती, गरीब ग्राहकांच्या सवलतीचा बोजा कोणावर, यावर वर्षानुवर्षे सुनावण्या चालल्या. रिलायन्सचा हा व्यवसाय २०१८ मध्ये अदानींकडे गेला. महावितरणच्या काही भागांत समांतर परवाना मिळावा म्हणून अदानी समूहाने अर्ज केल्यावर जानेवारी २०२३ मध्ये राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले होते. समांतर कंपनी आधी जेथे मोठी बिले आणि वेळेवर भरणा असतो तेथे जाते. नवी मुंबई आणि पनवेलची नावे त्या अर्जात होती, मंगरूळपीरचे नव्हते.

भाच्याच्या इंग्लंडातली व्यवस्था मुळातच वेगळ्या पायावर उभी आहे. तेथे तारा एका कंपनीच्या आणि वीज विकणारे अनेक, अशी विभागणी घरगुती ग्राहकांसाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाली. एप्रिल २०१० ते मार्च २०१९ या काळात छपरावरच्या विजेला ठरावीक दराने पैसे देणारी सरकारी योजना नव्या ग्राहकांसाठी खुली होती. जानेवारी २०२० पासून तिच्या जागी मोठ्या पुरवठादारांवर असे बंधन आले की त्यांनी बाहेर येणाऱ्या विजेला काहीतरी दर दिलाच पाहिजे. दर किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे, फक्त तो शून्याच्या वर हवा. म्हणून वीज घेण्याची कंपनी एक आणि विकण्याची दुसरी, असे तेथे जमते. मात्र तेथे घेतलेल्या आणि दिलेल्या युनिटांची वजाबाकी होत नाही. दोन्ही व्यवहार स्वतंत्र आणि विकण्याचा दर बहुधा खरेदीच्या दराहून कमी. मंगरूळपीरचा ग्राहक दुपारी एक युनिट देतो आणि रात्री एक युनिट परत घेतो, बरोबरीने. दोन्हींचा हिशेब मांडल्यावर भाच्यानेही कबूल केले की त्याच्यापाशी निवड आहे आणि मामापाशी दर.

येथे बदलता येतात त्या गोष्टी वेगळ्या. संच बसवणारी एजन्सी ग्राहकाने निवडायची असते, आणि ती मंगरूळपीरचीच हवी असे नाही. वाशिम, कारंजा किंवा अकोल्याची चालते, फक्त बिघाड झाला तर माणूस किती लवकर येईल हे आधी विचारावे. संचाचा आकार बदलता येतो. मोठा संच घेऊन मार्चअखेर शेकडो युनिट कमी दरात देण्यापेक्षा वर्षाच्या बिलांची बेरीज करून त्याला पुरेल एवढाच संच घेणे शहाणपणाचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिल्लक भरपूर असेल तर पाण्याची मोटर, इस्त्री, गिझर यांत काटकसर करण्याचे कारण नाही. ते युनिट तसेही राहणार नाहीत.

लाइन गेली की गच्चीवर ऊन असूनही घरात वीज नसते, हेही येथे सांगायला हवे. तारेवर वीज नाही असे कळताच नेट मीटरच्या संचाचा इन्व्हर्टर स्वतः बंद होतो. तो बंद झाला नाही तर गच्चीवरची वीज उलट तारेवर जाऊन डीपीवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. वेगळी बॅटरी असल्याशिवाय हे टळत नाही, आणि कंपनी कोणतीही असली तरी हा नियम तोच राहील.

या सगळ्यात मंगरूळपीरच्या ग्राहकाला कंपनी बदलण्यापेक्षा तारीख बदलण्याचा फायदा अधिक आहे. वार्षिक हिशेब ३१ मार्चऐवजी सप्टेंबरअखेर मिटवला, तर हिवाळ्यातले युनिट उन्हाळ्यात कूलरला कामी येतील आणि मेअखेर उरलेली शिल्लक पावसाळ्याला. कंपनीचा यात तोटा नाही असे नाही. उन्हाळ्यात तिला महाग वीज घ्यावी लागते, आणि ती हे मांडेलच. पण नियामक आयोग विनियमांचा मसुदा काढतो तेव्हा सूचना आणि हरकती मागवतो, आणि कोणताही ग्राहक त्या लेखी पाठवू शकतो. पुढचा मसुदा येईल तेव्हा विदर्भातल्या सौर ग्राहकांनी आपली मार्च आणि मे महिन्यांची बिले जोडून ही एक मागणी तेवढी पाठवावी.