अडखळणाऱ्याचा सोबती

प्रतिवर्षीं आम्ही वरच्या वर्गांस पेशीचा पाठ शिकवितों. आणि रायबोसोमाचें नांव आलें म्हणजे ‘हा पेशींतील प्रथिनांचा कारखाना होय’ असें एक वाक्य सांगून पुढें जातों. हें वाक्य खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. तें किती अपुरें आहे, हें आम्हांस उशिरा कळलें, आणि तेंही एका विद्यार्थ्याच्या संबंधानें.

हा विद्यार्थी वाचतांना अडखळे. एके दिवशीं तो एका जोडाक्षरापाशीं थांबला तो थांबलाच. वर्गांत खसखस पिकली. तास संपत आला होता. आम्हीं अधीर होऊन त्याच्या हातांतील पुस्तक घेतलें व राहिलेला उतारा स्वतःच वाचून टाकला. आपण त्याची सुटका केली, असेंच तेव्हां आम्हांस वाटलें. त्यानंतर मात्र तो मुलगा आपण होऊन वाचावयास कधींच उभा राहिला नाहीं.

पुढें दिवाळीच्या सुट्टींत पाठाची तयारी करीत असतां खमिराच्या पेशींविषयीं कांहीं वाचनांत आलें. ज्या खमिरानें पावाचें पीठ फुगतें, ती एक सूक्ष्म, एकपेशीय बुरशी आहे. शास्त्रज्ञांनीं तिचा फार बारकाईनें अभ्यास केला असून तिचा सबंध आनुवंशिक मजकूर १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. भराभर वाढणाऱ्या अशा एका पेशींत सुमारें दोन लक्ष रायबोसोम असतात. आर.एन.ए.चे चार धागे व ७९ प्रथिनें मिळून एक रायबोसोम होतो. संदेशाच्या धाग्यावरील तीन-तीन अक्षरें वाचीत तो एकामागून एक अमिनो आम्लें जोडतो व प्रथिनाची साखळी तयार करतो.

एवढें सामर्थ्य असूनही तो एकटा कार्य तडीस नेऊं शकत नाहीं. वाचनास योग्य ठिकाणीं आरंभ व्हावा म्हणून कांहीं साहाय्यक प्रथिनें लागतात. त्यानंतर एक साहाय्यक नवें अमिनो आम्ल वाहकासह आणून देतें. दुसरें यंत्रास पुढील अक्षरांवर सरकवितें. खमिरास तर आणखी एक तिसरें लागतें, जें मनुष्याच्या पेशींत आढळत नाहीं. तें रिकाम्या झालेल्या वाहकास बाहेर पडण्यास वाट करून देतें. शेवटची खूण आली म्हणजे पूर्ण झालेली साखळी मोकळी करणारीं साहाय्यकें निराळींच.

यांतील एकाची हकीकत आम्हांस विशेष लागून राहिली. प्रोलीन नांवाचें अमिनो आम्ल आपल्याच अंगावर वळलेलें व ताठर असतें. त्याची जोडणी सहज होत नाहीं. तीं लागोपाठ तीन आलीं कीं रायबोसोम अडखळतो. अशा वेळीं ‘ईआयएफ५ए’ नांवाचें लहानसें प्रथिन त्याच्यांतील रिकाम्या जागीं येऊन बसतें. पूर्वीं तें केवळ आरंभाचें साहाय्यक मानीत, व नांवही तसेंच पडलें. प्रोलीनपाशीं त्याची किती गरज आहे, हें खमिरावरील प्रयोगांनीं २०१३ सालीं दाखविलें. तें साखळी स्वतः जोडीत नाहीं. आपली एक लांब भुजा आंत घालून, साखळी धरून असलेल्या वाहकास तें स्थिर ठेवतें. जोडणी रायबोसोमच करतो. ही भुजाही त्यास आयती मिळत नाहीं. दोन निराळीं विकरें त्याच्या एका अमिनो आम्लाचें रूप पालटून ती घडवितात. म्हणजे साहाय्यकासही साहाय्य घ्यावें लागतें!

हें वाचलें आणि त्या दिवशीं आम्हीं काढून घेतलेलें पुस्तक आम्हांस आठवलें. आम्हीं मुलाला स्थिर केलें नव्हतें. त्याचें काम त्याच्या हातून काढून घेतलें होतें.

सुट्टी संपतांच आम्हीं त्यास बोलावून आमची चूक त्याच्यापाशीं कबूल केली. आतां तास सुटल्यावर तो रोज एक उतारा वाचतो. तो थांबला कीं त्या अक्षराखालीं आम्ही बोट ठेवून स्वस्थ बसतों. तो अद्याप अडखळतो. परंतु वाक्य तोच पुरें करतो.

पालकहो, मुलाचें गणित अडलें म्हणजे त्याच्या हातची पेन्सिल घेण्याचा मोह आपणांसही होत असेल. विद्यार्थिमित्रहो, शेजारचा सोबती अडखळला कीं तुम्हांस हसूं येत असेल. त्या वेळीं खमिराच्या पेशींतील हा लहानसा सोबती आठवावा. तो हसत नाहीं, घाई करीत नाहीं, दुसऱ्याचें काम हिरावूनही घेत नाहीं. अडलेल्याजवळ बसून त्यास स्थिर ठेवतो, एवढेंच.