मापातली होडी

निवृत्तीनंतर माणसं गीतेकडे वळतात. मी होडीकडे वळलो. तीही विकत घेऊन नव्हे, आमच्या कोकणातल्या घराच्या पडवीत बसून शिवून. होय, शिवूनच!

या होडीला म्हणतात कायाक. मूळची आर्क्टिक मुलखातल्या इनुइट वगैरे लोकांची. त्या मुलखात झाडं जवळजवळ नाहीतच. समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा, तो खिळ्यांऐवजी वादीनं बांधायचा आणि वर सीलचं कातडं ताणून बसवायचं. सांगाडा पुरुषांनी करायचा, कातडं बायकांनी शिवायचं. टाका असा, की सुई कातड्याच्या आरपार जाता कामा नये. गेली, की पाणी आत आणि नवरा खाली.

हे वाचून दाखवलं तेव्हा ही म्हणाली, "म्हणजे तिथंही शेवटी आमच्यावरच!" आणि दाभण शोधायला उठली.

आमच्या खाडीत सील मिळत नाही. म्हणून कातड्याऐवजी कॅनव्हास, त्यावर ऑइलपेंटचे तीन हात. लांबीला बांबू, फासळ्यांना वेत. वेत वाकेना म्हणून न्हाणीतल्या हंड्यात उकळला. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी वेताच्या काढ्यानं आंघोळ केली. शेजारचा नाखवा रोज डोकावून विचारायचा, "काका, उलांडी कुठं लावणार?" पूर्वी आपल्या किनाऱ्यावरही काथ्यानं शिवलेल्या होड्या होत्या, असं मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "होत्या ना. पण त्या शिवणाऱ्यांना शिवता येत होतं."

खरी गोम मापात होती. ही होडी सदऱ्यासारखी मालकाच्या अंगावर बेततात. लांबी साधारण तीन वाव. रुंदी बुडाइतकी, अधिक दोन मुठी. वाव मी हात पसरून दिले. बुडाची पाळी आली तेव्हा ही टेप घेऊन उभी होती. बायकोनं आकडा मोठ्यानं वाचावा, हे मला मानवेना. "माप आहे माझ्याकडे," म्हणालो आणि ट्रंकेतली लग्नातल्या सुटाची विजार गुपचूप जमिनीवर पसरून मोजली. तिसाव्या वर्षीचं बूड! मुठी मात्र आजच्या.

चार महिने ही रोज दुपारी टाके घालत होती. मी शेजारी बसून इनुइट बायकांच्या गोष्टी सांगत होतो, म्हणजे मीही काम करतच होतो.

भरतीच्या वेळी होडी खाडीत उतरवली. पाय घातले, गुडघे गेले, मांड्या अडकल्या. पुढं ना मी, ना होडी. उठू गेलो तर होडीही माझ्याबरोबर उठली. नाखव्यानं आणि त्याच्या मुलानं मला ओढून काढलं.

ही काही बोलली नाही. लेकीचा सलवार-कमीज तिनं का घातला होता, ते मला तेव्हा कळलं. माहेरच्या विहिरीत पोहायला शिकलेली बाई ती. जीवरक्षक जाकीट चढवलं, अलगद आत सरकली, वल्हं हातात घेतलं.

"अगं, गळलं तर?"

"माझी शिवण आहे ती," ती म्हणाली आणि निघालीसुद्धा.

मी तिच्या चपला हातात धरून काठावर उभा राहिलो. नाखवा बराच वेळ तिकडे बघत होता. मग म्हणाला, "काका, होडी अगदी मापाची झाली हो!"