भिंतीपलीकडचा ठेका

देऊळगाव राजातील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींआड वाढलेली आमची पिढी आता चार-सहा इंची भिंतींच्या सदनिकांत राहू लागली आहे. शेजारच्या फोडणीचा वास आणि दूरचित्रवाणीचा आवाज, दोन्ही सामायिक झाले आहेत. वासाची तक्रार घेऊन दवाखान्यात अद्याप कोणी आलेले नाही. आवाजाची येते, पण आडवळणाने : झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड राहते.

गेल्या हिवाळ्यात जालना रस्त्यावरील एका इमारतीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका आल्या. वर्षानुवर्षे आटोक्यात असलेला त्यांचा रक्तदाब दोन महिन्यांपासून चढा होता. औषध नियमित, मीठ बेताचे. झोपेविषयी विचारले तेव्हा त्या अडखळत म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री अकरानंतर उशीत कोणी ढोल वाजवतंय असं वाटतं. मुलगा म्हणतो, भास होतात." मुलगा संकोचला. त्याने हॉलमध्ये उभे राहून दोनदा कानोसा घेतला होता. त्याला काहीच ऐकू आले नव्हते.

दोघेही खरे बोलत होते. खर्जातील, म्हणजे ज्याला आपण 'बेस' म्हणतो त्या आवाजाची लहर फार लांब असते. ५० हर्ट्झच्या आवाजाची लांबी जवळजवळ ७ मीटर, म्हणजे बहुतेक खोल्यांहून अधिक. ही लहर भिंतींवरून परतते, स्वतःलाच येऊन मिळते आणि खोलीत कुठे जोर धरते, तर कुठे जवळपास नाहीशी होते. भिंतीलगत आणि कोपऱ्यात ती सर्वांत जोरकस असते. बाईंचा पलंग नेमका कोपऱ्यात होता. शिवाय संवाद, बासरी असे वरचे स्वर भिंत बऱ्यापैकी अडवते. त्यामुळे ओळखू येईल असे काहीच पोहोचत नाही. उरतो नुसता ठेका, आणि तो भासासारखाच वाटतो.

झोपेत कान मिटत नाहीत. जाग न येताही मेंदू आवाजाची दखल घेतो, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतो. झोप पुन्हापुन्हा चाळवली, तर तो तितका उतरेलच असे नाही. म्हणून गोळी वाढवण्याआधी मी शेजाराची चौकशी करतो. मात्र वीज गेल्यावरही आवाज येत असेल, परगावीही येत असेल किंवा तो नाडीच्या तालावर असेल, तर शेजाऱ्याला बोल न लावता कान तपासून घ्यावेत.

खालच्या मजल्यावरचा तरुणही माझाच रुग्ण आणि बाईंचा जुना विद्यार्थी. तो दुखावला. "डॉक्टर, मी आवाज इतका कमी ठेवतो की संवादही धड कळत नाहीत." तेही खरेच होते. पण सबवूफरचे बटण वेगळे असते. ते पूर्ण फिरवलेले होते, आणि ती पेटी थेट फरशीवर, कोपऱ्यात ठेवलेली होती. कोपरा खर्जाला आणखी फुगवतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावावेत काय, असे त्याने विचारले. अशा हलक्या वस्तूंनी खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, खर्ज अडत नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले, तरी जेमतेम पाच-सहा डेसिबलचा लाभ. आमच्या कापसाच्या मुलखातला लोकप्रिय उपाय, कानात बोळे, तोही इथे कुचकामी : वरचे आवाज मंदावतात आणि ठेका अधिकच उठून दिसतो.

एका रविवारी बाई पलंगावर आडव्या झाल्या, फोन कानाशी. खाली तो नेहमीचा चित्रपट लावून बटण मागे फिरवत गेला. "बाई, आता?" "अजून थोडं." आणि मग, "आता गेलं बघ." त्या जागी त्याने रंगाची खूण केली. पेटी कोपऱ्यातून काढून जाड रबरावर ठेवली. बाईंचा पलंगही भिंतीपासून दोन फूट सरकला. खर्जाच्या बाबतीत ऐकू येणे आणि न येणे यांत थोड्याच डेसिबलचे अंतर असते. म्हणून एवढ्याने भागले.

कायदा आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची. पण ज्या 'ए' मापाने हा आवाज मोजतात, त्यात ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. उशीतला ढोल त्या मीटरवर बहुधा दिसतच नाही.

आश्विनातील बालाजीच्या यात्रेच्या गलबल्याबद्दल बाईंची कधीच तक्रार नसते. तो कुठून येतो आणि कधी थांबणार, हे त्यांना ठाऊक असते.

दीड महिन्याने त्यांचा रक्तदाब पूर्ववत झाला. त्यात झोपेचा वाटा किती आणि थंडी सरल्याचा किती, हे मी सांगू शकत नाही. सध्या त्या इमारतीत पाण्याच्या मोटारीवरून कुरबुर सुरू आहे. पहाटे पाचला तिची घरघर थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते. तिच्याखाली रबर घालायचे ठरले आहे, आणि ते काम त्या तरुणाने आपणहून अंगावर घेतले आहे.