'आम्ही' की 'आपण'?

सहावीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मी तिथे उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. एका मुलीने धड्यातला परिच्छेद उभं राहून वाचला. उच्चार स्वच्छ, कुठेही अडखळणं नाही. मला बरं वाटलं. मी विचारलं, आता सांग बघू, यात काय म्हटलंय? ती गप्प. एका वाक्याचाही अर्थ तिला सांगता येईना.

मी माझं नेहमीचं वाक्य ऐकवलं. अर्थ कळल्याशिवाय वाचलं तर ते वाचन नव्हे, नुसता आवाज. बी.एड.च्या सराव पाठांपासून हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे.

ती म्हणाली, "टीचर, नमाज में भी तो माने नहीं मालूम रहते. फिर भी पढते ना?"

वर्ग हसला. ती उद्धटपणे बोलली नव्हती, तिला खरोखरच विचारायचं होतं. मी "वो बात अलग है" म्हणून पुढचा उतारा काढायला सांगितलं. पण अलग म्हणजे कशी, हे कोणी त्या क्षणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. दिवसाच्या पाच नमाजांमध्ये फर्ज रकअती सतरा. फजरच्या दोन, जुहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन आणि इशाच्या चार. प्रत्येक रकअतीत सूरह फातिहा येते. म्हणजे सुन्नत आणि नफिल बाजूला ठेवल्या तरी सात आयतींची ही सूरह माणसाच्या ओठांवर दिवसातून सतरा वेळा येते. फर्ज नमाजेच्या पहिल्या दोन रकअतींत फातिहानंतर कुरआनचा आणखी काही भाग पढतात. तो आपल्याला पाठ असेल तो. आणि खरं सांगायचं तर, घाईच्या वेळी बहुतेक जण सर्वांत छोट्या सूरह निवडतात. मीही त्यातलीच. माझी ठरलेली सूरह माऊन. कुरआनच्या 114 सूरहंपैकी 107 वी, सात आयतींची. गॅसवर कुकर असेल, शाळेची वेळ झाली असेल, तर माऊन. सहा-सात वर्षांची असताना मकतबमध्ये ती पाठ केली आणि तेव्हापासून ती माझ्या घाईची सोबतीण झाली.

त्या मुलीची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. माझ्याकडे एक वही आहे. बी.एड.च्या वर्षापासून मी ती लिहीत आले आहे. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला उर्दू. मुलं कुठे अडतात ते पाहून भर घालत गेले, आता ती चांगली जाडजूड झाली आहे. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, ही वही एक रात्र घरी नेऊ का? उद्या आणून देते. मी नाही म्हटलं. एकच प्रत आहे, हरवली तर? मुलं वस्तू परत आणत नाहीत, हा माझा अनुभव. "शब्दार्थ फळ्यावर लिहिते ना मी, ते उतरवत जा," असं सांगून मी वही पर्समध्ये टाकली.

त्यानंतरच्या दिवशी तिचा गृहपाठ अपुरा होता. शब्दार्थांची जागा कोरी. मी तिच्या खांद्याला धरून तिला वर्गाबाहेर नेलं आणि दाराशी उभं केलं. जोरात ढकललं वगैरे नाही, शिक्षक करतात तेवढंच. तास संपला, मी विसरूनही गेले.

तिचे वडील मागच्या वर्षी वारले होते. आई घरी विड्या वळते. हे मला माहीत होतं, कारण हजेरीपटावर वडिलांच्या नावापुढे 'मरहूम' मीच लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मगरिबला उभी राहिले. फातिहा झाली आणि जीभ सवयीने माऊनवर गेली. मी उर्दू शिकवते, त्यामुळे अरबीतले कितीतरी शब्द माझ्या ओळखीचे आहेत. 'यतीम' तर लहान मुलालाही कळतो. पण त्याआधीचं क्रियापद मी कधी थांबून पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी तिथे अडले. नमाज कशीबशी पूर्ण केली, कपाटातून तर्जुमा काढला आणि धड्याची तयारी करावी तसा एकेक शब्द लावत बसले.

सूरहची सुरुवात एका प्रश्नाने होते. दीन खोटा ठरवणारा माणूस पाहिलास का? आणि मग त्याची ओळख दिली जाते. मला वाटलं होतं, नमाज न पढणारा, रोजे न ठेवणारा असं काही येईल. तसं नाही. त्याची पहिली खूण अशी की तो यतीमाला धक्का देऊन बाजूला सारतो. दुसरी खूण, गरिबाच्या पोटात अन्न जावं यासाठी तो कोणाला सांगतही नाही. त्यानंतर ज्यांच्या नावाने हाय येते ते तर चक्क नमाजीच आहेत! आपल्याच नमाजेबद्दल गाफील असलेले, लोकांना दाखवण्यासाठी करणारे आणि 'माऊन' अडवून ठेवणारे.

माऊन म्हणजे काय? रोजच्या वापरातल्या किरकोळ वस्तू, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांना उसन्या द्यायच्या. अब्दुल्लाह इब्न मसऊद या सहाबींनी माऊनचा अर्थ बादली, हंडी असल्या वस्तू उसन्या देणं असा सांगितल्याचं अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आलं आहे. बादली आणि हंडी. माझ्या बाबतीत एक वही.

एका यतीम मुलीला मी एक किरकोळ वस्तू नाकारली, त्या वस्तूवाचून अडलेल्या कामासाठी तिला बाहेर काढलं आणि त्याच संध्याकाळी मुसल्ल्यावर उभं राहून हीच सूरह म्हटली. तीही का, तर छोटी आहे म्हणून.

न समजता पढलेली नमाज होत नाही, असं मला म्हणायचं नाही. तो फैसला माझा नव्हे, आणि तसं म्हणायची माझी हिंमतही नाही, कारण मला माझी दादी आठवते. तिला अलिफ-बे येत नव्हतं. पाच-सहा सूरह ऐकून ऐकून पाठ केलेल्या, उच्चार दख्खनी वळणाचे. पण तिच्या पाटा-वरवंट्यावर सगळ्या गल्लीची चटणी वाटली जायची. शेजारच्या काकू विचारायच्याही नाहीत, सरळ आत येऊन चाळण घेऊन जायच्या. दारात आलेलं कोणी रिकाम्या हाताने गेलं नाही. दादीला माऊनचा अर्थ कोणी विचारला असता तर तिला सांगता आला नसता. मला आता सांगता येतो. दोघींपैकी कोणाला ती सूरह जास्त येत होती, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले तर ती मुलगी गैरहजर. तिसऱ्या दिवशीही तेच. शनिवारी शाळा सुटल्यावर पत्ता शोधत तिच्या घरी गेले. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, मुलगी शेजारी बसून पानं कापत होती. मला पाहून आई गडबडली. तिला वाटलं, तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, तक्रार नाही, माझ्याकडून चूक झाली आहे. मुलीसमोर हे बोलायला मला जड गेलं, खोटं कशाला सांगू? वही तिच्या हातात दिली आणि सांगितलं, एक रात्र नाही, पाहिजे तितके दिवस ठेव.

सोमवारी ती शाळेत आली. वही मात्र दहा दिवसांनी परत आली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. आत एका पानावर पेन्सिलने खूण केलेली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "टीचर, इथं 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हींसमोर तुम्ही 'हम'च लिहिलंय. मग मराठीत दोन शब्द कशाला?"

उर्दू माध्यमाच्या मुलांना हा फरक नेहमी अवघड जातो. मी तिला समजावलं. ज्याच्याशी बोलतोय तोही त्यात धरला असेल तर 'आपण'. तो सोडून बाकीचे असतील तर 'आम्ही'. 'आपण जाऊ' म्हटलं तर तूही येणार, 'आम्ही जातो' म्हटलं तर तू इथेच. तिला लगेच पटलं.

मला मात्र त्या दिवशी फातिहामध्ये हाच प्रश्न पडला. फातिहाच्या सुरुवातीला अल्लाहबद्दल बोललं जातं. त्याची स्तुती, त्याची रहमत, निवाड्याच्या दिवसावरची त्याची मालकी. मग मधेच बोलणाऱ्याचं तोंड त्याच्याकडे वळतं आणि थेट 'तू' सुरू होतं. इबादत तुझीच, मदत मागायची तीही तुझ्याकडेच, सरळ वाट दाखव. पण हे बोलणारा स्वतःला 'मी' म्हणत नाही. अरबीत तिथे बहुवचन आहे. मी घरात एकटी, आतल्या खोलीत, दार लावून नमाज पढते तेव्हासुद्धा बहुवचनच. मराठीत तिथे 'आम्ही' येणार, कारण ज्याच्याशी बोलतोय तो अल्लाह त्या शब्दात येऊच शकत नाही.

मग 'आम्ही'मध्ये कोण कोण येतं? मी माझ्या बाजूने कोणाकोणाला घेऊन तिथे उभी आहे? ज्या मुलीला मी दुपारी दाराबाहेर उभं केलं, संध्याकाळी त्याच 'आम्ही'त तिलाही धरून मी वाट मागत होते. तिच्यासाठीही मागत होते, आणि तीही तिच्या घरी माझ्यासाठी. व्याकरण साधं आहे. ज्यांना दिवसभर आपण एकमेकांना 'आपण' म्हणत नाही, त्यांच्या वतीने त्याच्यासमोर 'आम्ही' कोणत्या तोंडाने म्हणायचं?

माझी घाई गेली आहे असं समजू नका. कुकर अजून शिटी देतो, मीही अजून छोटीच सूरह निवडते. फक्त माऊन म्हणताना त्या क्रियापदापाशी जीभ जरा जड होते. वही आता शाळेतच असते, कपाटाच्या खालच्या खणात, जिथे सहावीच्या मुलांचा हात पोचतो. गेल्या आठवड्यात ती तीन दिवस सापडत नव्हती. कोणीतरी नेली होती, न विचारता.

मी विचारलंही नाही. चौथ्या दिवशी ती जागेवर होती.