ज्या फळीवर खलाशी पाय देत नाही

बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचे, गोराई खाडीची बस धरायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरून धक्क्यापर्यंत चालत जायचे. एके काळी या भागात नाकाला रुमाल लावल्याशिवाय जाता येत नसे. कचऱ्याचे ते डम्पिंग ग्राउंड बंद होऊन आता बरीच वर्षे झाली. धक्क्यावर खाऱ्या चिखलाचा वास, दोन्ही काठांना तिवरांची दाट रांग आणि पलीकडे तिवरांच्या डोक्यावर उठलेला पॅगोडाचा सोनेरी कळस.

गेल्या जानेवारीत आमच्या वसाहतीतील पस्तीस माणसे या वाटेने पॅगोडा पाहायला गेलो. त्यात बारा मुले होती आणि चार आजीबाई. बोट धक्क्याला लागली की सगळ्यांच्या नजरा वर जातात. मुले बोट दाखवून विचारू लागतात, तो केवढा उंच आहे, आत किती माणसे बसतात. एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात, ८ फेब्रुवारी २००९ रोजी त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, ही माहिती मीच दरवेळी सांगतो. पण सांगताना माझी नजर मात्र खाली, बोटीच्या फळ्यांवर असते. आमच्या घरचे यावरून माझी चेष्टा करतात. या सवयीला एक कारण आहे, ते आज सांगायचे आहे.

सन १९९७. पावसाळा नुकताच सरला होता. आपल्याच उपनगराच्या बाजूची एक खाडी, कोणती ते सांगत नाही. एका नामकरणाचा कार्यक्रम आटोपून आम्ही अकरा जण संध्याकाळच्या बोटीने परत येत होतो. बोटीत गर्दी होती. आमच्या चाळीतील एक वहिनी कडेवर मूल घेऊन बसायला जागा शोधत होत्या. मधे दोन हात रिकामी जागा दिसली म्हणून त्या तिकडे वळल्या आणि कट्कन आवाज झाला. त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत फळीतून खाली गेला. मूल शेजारच्या माणसाने वरच्या वर झेलले म्हणून बरे. पाय बाहेर काढला तेव्हा पोटरीची कातडी सोलून निघाली होती.

खलाशी धावत आला. मनाने वाईट माणूस नव्हता, त्यानेच आपल्या गमछाने रक्त बांधले. पण बांधता बांधता तो म्हणाला, "अगो बाय, त्या फळीवर कशाला पाय ठेवलास? ती कच्ची हाय. आम्ही तिच्यावर कधी पाय देत नाय."

वहिनी म्हणाल्या, "मग हे मला कोण सांगणार होतं?"

त्यावर तो गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. रोजच्या प्रवाशांनाही ती फळी ठाऊक होती, म्हणूनच एवढ्या गर्दीत तेवढी जागा रिकामी राहिली होती! वहिनी एका कारखान्यात रोजंदारीवर पॅकिंगचे काम करीत. धनुर्वाताचे इंजेक्शन, मलमपट्टी आणि नऊ दिवसांचा खाडा. नऊ दिवसांचा खाडा म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिणे हेच आमचे शस्त्र. दोन महिन्यांनी उत्तर आले की सदर फळी बदलण्यात आली आहे. जाऊन पाहिले तर खरोखरच बदलली होती. पण तिच्या शेजारची फळी अंगठ्याने दाबली तरी दबत होती. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात राहिला. बोटीच्या डेकची फळी बदलायची वेळ झाली हे ओळखायचे कसे? आणि ते ओळखणारा माणूस कोण?

उत्तर मिळायला बरीच वर्षे गेली. मागच्या वर्षी जुलैत घाटकोपरच्या एका स्नेह्यांबरोबर वर्सोव्याला गेलो होतो. जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर ते वर्सोवा हे काम सोपे झाले आहे. पूर्वी अंधेरीला उतरून पुन्हा बस शोधावी लागे. मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनवरून रिक्षाने कोळीवाड्यात गेलो. जुलैत तिथे जाण्यात एक फायदा आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे बोटी किनाऱ्यावर ओढून, वर ताडपत्री घालून ठेवलेल्या असतात. कुठे रंग चालतो, कुठे जाळी शिवली जातात, कुठे रंधा फिरतो. नारळी पौर्णिमेपर्यंत सारे उरकायचे असते. तिथे एक वृद्ध सुतार एका बोटीच्या डेकवर गुडघ्यावर बसून काम करीत होते. सारा जन्म होड्या बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. मी त्यांना १९९७ ची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "फळी एका दिवसात मोडत नाय. ती आधी सहा महिने सांगत असते." आणि मग त्यांनी ती कशी सांगते ते तासभर दाखवले.

पहिली गोष्ट, फळीच्या मध्यभागी बघून काही कळत नाही. लाकूड कुजते ते टोकाला, सांध्याला, खिळ्याच्या भोवती, बाकाच्या पायाखाली, म्हणजे जिथे पाणी साचते आणि वारा लागत नाही तिथे. मधला भाग पायांनी घासून गुळगुळीत झालेला असतो, तो दिसायला वाईट पण आतून ठणठणीत असू शकतो. उलट कडेची रंगवलेली, छान दिसणारी फळी आतून भुसा झालेली असते.

दुसरी गोष्ट ऐकून मी चकित झालो. मला वाटे, खारे पाणी लाकूड खाते. ते म्हणाले, डेकचा शत्रू समुद्राचे पाणी नव्हे, पावसाचे पाणी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मिठाचे वावडे असते, गोडे पाणी मात्र तिला मानवते. (पाण्याखालच्या भागाला लाकूड पोखरणारा किडा लागतो, तो प्रकार निराळा.) लाकडातील ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढूच शकत नाही. म्हणून जुने खलाशी रोज संध्याकाळी डेकवर समुद्राच्या पाण्याच्या बादल्या ओततात. मासेमारीच्या बोटीत सर्वांत आधी कुजते ती बर्फाच्या खणाच्या तोंडाभोवतीची फळी, कारण बर्फ वितळून होणारे पाणी गोडे असते. आपल्या प्रवासी बोटी तर चार महिने पावसात उघड्या असतात.

मग परीक्षा. हातोडीच्या दांड्याने त्यांनी फळी ठोकत नेली. टण, टण, टण, आणि मधेच ठप्प. माठ विकत घेताना आपल्या बायका जो कान लावतात तोच हा कान! ठप्प झाले तिथे त्यांनी पेचकसाचे टोक खुपसून किंचित वर उचलले. चांगल्या लाकडातून लांब धागा निघतो आणि कडकड आवाज होतो. कुजलेले लाकूड आवाज न करता, बिस्किटासारखे आखूड तुटते. त्या फळीचे बिस्किट झाले होते. आणखी एक खूण त्यांनी सांगितली. पावसाची सर येऊन ऊन पडले की सारा डेक वाळतो, पण एखादी फळी किंवा एखादा सांधा दुपारपर्यंत काळा ओला राहतो. त्याने पाणी आत घेतले आहे. खिळ्याच्या डोक्याभोवती गंजाचा तांबूस ओघळ आणि काळे वर्तुळ दिसले तर खिळा आत खाल्ला गेला आहे आणि त्याने भोवतीचे लाकूडही खाल्ले आहे. अशी फळी वरून धड दिसली तरी तिला धरून ठेवणारे काही उरलेले नसते.

झिजण्याची खूण वेगळी. लाकूड झिजते तसे गाठी आणि खिळ्यांची डोकी वर राहतात. चपलेला ठेच लागू लागते. वर्सोवा ते मढ या तरीवर माणसांबरोबर मोटारसायकलीही जातात. गाडीचा सारा भार साइड स्टँडच्या बोटभर टोकावर येतो, तिथे फळीला खळगा पडतो आणि खळग्यात पाणी साचते. म्हणजे झीज आणि कूज यांची तिथे गाठ पडते.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मिस्त्री म्हणाले, "वरून बघून माघारी जायचं नाय. टॉर्च घेऊन खाली वाकायचं." फळ्या ज्या आडव्या वाशांवर बसतात ते वासे पाहायचे. वासा शाबूत असेल तर एकेक फळी बदलून डेक वर्षानुवर्षे चालवता येतो. नवी फळी वाळलेल्या लाकडाची हवी, ओली लावली की ती आकसून फट पडते. जाडी जुनीएवढीच हवी, आणि तिची दोन्ही टोके वाशावरच टेकली पाहिजेत, अधांतरी नकोत. पण वासाच गेला असेल तर वरची फळी बदलणे म्हणजे नुसता देखावा. तेव्हा बोट बाहेर काढायची आणि धंदा बंद ठेवून पूर्ण डेक उचलायचा. १९९७ च्या त्या बोटीत काय झाले होते ते मला त्या दिवशी समजले.

रंगाविषयी मिस्त्री फारसे बोलले नाहीत, म्हणून मी बोलतो. कुजलेल्या फळीवर रंगाचा हात मारणे, वर रबरी चटई पसरणे किंवा फायबरचा थर चढवणे, हे उपाय पाहायला मिळतात. थर चांगल्या, कोरड्या लाकडावर दिला तर उपयोगाचा. ओल्या लाकडावर दिला तर आतले पाणी आतच राहते आणि फळी झाकणाखाली कुजते. चटईचेही तेच. तिच्याखाली ऊनवारा पोचत नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे लोक हिशेबाच्या वहीत दरवर्षी घसारा लावतो. बोटीची किंमत भागिले आयुष्याची वर्षे, दरसाल ठरावीक रक्कम वजा, झाले. लाकडाला ही वही वाचता येत नाही. एक फळी तीस वर्षे जाते, शेजारची पाच वर्षांत बसते. वाळकेश्वरला राहणारा असो की वाल्मिकी नगरात, चाकरीचा माणूस कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवतो. बोटीवर विश्वास ठेवायचा तो गुडघे टेकून पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर.

वेळेवर बदल केला तर लाकूड किती टिकते याचे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. 'ट्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून बांधले गेले. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. मोठी दुरुस्ती होऊन २००१ साली काम पूर्ण झाले. जे लाकूड गेले ते काढले, जे चांगले होते ते ठेवले. बांधणाऱ्या कामगारांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, पण त्यांचा साग दोनशे वर्षांनंतरही आहे.

आपल्याकडे या बोटींची तपासणी व्हावी असा कायदा आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा आला, दोन्हींत तपासणीचे प्रमाणपत्र सांगितलेले आहे. महाराष्ट्रात हे काम १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. पण तपासणी अधूनमधून होते आणि खलाशी त्या फळ्यांवर रोज शेकडो वेळा चालतो. म्हणून माझी स्वतःची परीक्षा फार साधी आहे, तिला पेचकस लागत नाही. बोटीत चढलो की मी खलाशाच्या पायांकडे बघतो. तो सरळ चालतो की एखाद्या जागी सवयीने पाय लांब टाकतो? जिथे तो पाय लांब टाकतो ती फळी बदलायची वेळ होऊन गेलेली आहे. त्याला ते समजते आणि तो स्वतःला वाचवतो, यात त्याचा दोष काढू नये. फळीचा खर्च त्याच्या हातात नसतो. पण परक्या माणसाला, मूल कडेवर घेतलेल्या बाईला, मोतीबिंदू झालेल्या आजीला ते समजत नाही. अशा वेळी मी तिथेच सर्वांदेखत विचारतो, "दादा, ही फळी का सोडता?" उत्तर काहीही मिळो, शेजारचे चार प्रवासी खाली बघू लागतात. निदान एक दोरी तरी आडवी बांधा, असे म्हटले तर बहुतेक वेळा बांधतात.

वहिनींच्या पोटरीवर तो व्रण अजून आहे. गोराईच्या सहलीला त्या आल्या होत्या. तेव्हा कडेवर असलेले मूल आता स्वतः बाप झाले आहे, त्याची मुलगी त्यांच्या बोटाला धरून होती.

संध्याकाळी परतताना ओहोटी लागली होती. बोट धक्क्यापासून हातभर खाली गेली होती, म्हणून आजीबाईंना दोघे-दोघे धरून उतरवावे लागले. खलाशी एक तरुण पोरगा होता. मी त्याचे पाय पाहिले, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेला. जुन्या करड्या फळ्यांच्या मधोमध एक नवी फळी बसवलेली होती, पिवळीधमक, अजून रंगही न लावलेली. वहिनी तिच्यापाशी थांबल्या, चपलेच्या टाचेने दोनदा ठोकून पाहिले आणि नातीला म्हणाल्या, "बस इथे." बाकीची मुले मग त्याच फळीवर ओळीने जाऊन बसली.