वळशाचा प्रवास, सरळ हिशेब

चार पैसे वाचवण्याचं गणित आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. चहाच्या पुड्यावरचं कुपन असो की साबणावर मिळणारा चमचा, आपण मनात एकच विचारतो, "ही वस्तू एरवी घेतली असती का?" विमानाच्या 'मैलां'चा हिशेबही याच जातीचा आहे, हे मला भाच्यामुळे कळलं.

भाचा पुण्याला असतो आणि कामासाठी सतत फिरतो. पूर्वी दिल्लीला जायचं तर हा मध्ये मुद्दाम हैदराबाद घ्यायचा. स्वस्तातलं तिकीट, पण वळशाचं! म्हणायचा, "मावशी, जितकं अंतर जास्त तितके मैल जास्त. मैल साठले की एक तिकीट फुकट." अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली ही योजना काढली आणि मग जगभर तिचं अनुकरण झालं. १९९९ मध्ये तर डेव्हिड फिलिप्स नावाच्या अमेरिकन इंजिनियरने वेष्टनांवर मैल मिळतात म्हणून पुडिंगचे बारा हजारांवर कप विकत घेतले! खर्च सुमारे तीन हजार डॉलर आणि मैल मिळाले बारा लाखांवर. एवढं खाणार कोण? त्याने ते धर्मादाय संस्थेला देऊन टाकले आणि वेष्टनं काढायचं काम त्यांच्याच माणसांकडून करून घेतलं. आहे की नाही संसारी डोकं?

पण कंपन्याही शहाण्या झाल्या. २०२४ पासून एअर इंडियाने आपल्या विमानांवरचे गुण अंतरावर न देता तिकिटाला मोजलेल्या रुपयांवर द्यायला सुरुवात केली. म्हणजे तिथे स्वस्त तिकिटाचा लांब वळसा फुकटच गेला. भाचा हिरमुसला. मी म्हटलं, "अरे, वळशात फायदा काढायची विद्या आमच्या रेल्वेत जुनीच आहे."

तिचं नाव सर्क्युलर तिकीट. जिथून निघायचं तिथेच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला कमी होत जातं. गावोगावची सुटी तिकिटं काढली की प्रत्येक वेळी चढ्या दराने सुरुवात होते. सर्क्युलर तिकिटात सगळं अंतर एकत्र धरून त्याच्या निम्म्या-निम्म्या अंतराची दोन भाडी लावतात, म्हणून ते स्वस्त पडतं.

आमच्या घरी या तिकिटाने पैशांपेक्षा मोठं काम केलं. माझं माहेर बेळगावचं. नणंदबाई पुण्याला. त्यांच्याकडे वर्षातून दोनदा जाणं व्हायचंच, ते घरचं कर्तव्य. बेळगावचं नाव काढलं की मात्र "पुढच्या वर्षी बघू". भांडण नाही, तंटा नाही, पण ते पुढचं वर्ष काही लवकर येत नसे. आईने ऐंशी ओलांडली होती.

२०१२ साली हे निवृत्त झाले. मी टाइमटेबल घेऊन बसले आणि कागदावर गावं मांडली: सोलापूर, पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी, गदग, विजापूर, होटगी आणि परत सोलापूर. पुण्याला नणंद, मिरजेला ह्यांचे मित्र, विजापूरला गोलघुमट. बेळगाव तर बरोबर वाटेवरच! ते गाळायचं म्हटलं तर वर्तुळच मोडतं. ह्यांनी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाले, "अगं, हे तर स्वस्तात पडतंय. जाऊ या."

शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या बांधून निघालो. बेळगावात चार दिवस राहिलो. पहिल्याच रात्री आईने विचारलं, "किती दिवसांची रजा मिळाली ग तुला?" म्हटलं, "रजा नाही आई, तिकीटच तसं आहे." ती हसली. दोन वर्षांनी ती गेली. ते चार दिवस माझ्याजवळ आहेत.

तुम्हाला असा बेत करायचा असेल तर थोडं सांगते. मार्ग ठरवून रेल्वेच्या विभागीय कार्यालयातल्या वाणिज्य शाखेत विचारावं. आपल्या सोलापुरात ते गावातच आहे. प्रत्येक गाडीचं आरक्षण वेगळं करावं लागतं, हे विसरू नये. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. उलट एस.टी.त मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. तेव्हा जवळच्या एखाद्या गावासाठी एस.टी.च बरी. लांबचा पल्ला आणि चार-पाच मुक्काम असतील तरच सर्क्युलर परवडतं.

२०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं. मुलं विमानाचे गुण जमवत असतील तर जमवू द्यावेत. त्यांची मुदत कधी संपते तेवढं मात्र विचारून ठेवावं, नाहीतर डब्यातल्या जुन्या कुपनांसारखी गत व्हायची.

आणि एक. कागद घ्याल तेव्हा आधी माणसांची नावं लिहा, मग गावांची. ज्यांच्याकडे जाणं वर्षानुवर्षं राहून गेलंय, ते नाव सगळ्यांत वर. किलोमीटरची बेरीज मग करता येते.